सोडलेल्या स्टेम सेल दिवसभरात मरतात, मग गुण कसा येतो?

रेणुका_सातारा: भाच्याला बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज) झालाय. दात्याच्या पेशी त्याच्या आतड्यांवरच उठल्यात, स्टिरॉइडला दाद नाही. आता मेसेनकायमल स्टेम सेल, म्हणजे दाह शमवण्यासाठी लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी, द्यायचं चाललंय. पण शिरेतून सोडल्या की बहुतेक फुप्फुसात अडकतात आणि दिवसभरात मरतात, असं वाचलं. मग द्यायच्या कशाला?

विकास_सेललॅब: रेणुकाताई, वाचलंत ते खरं आहे. आणि गुण येतो तो बराचसा त्या मरण्यामुळेच.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या फ्रान्चेस्को दाझी यांच्या गटाने 2017 साली हे दाखवलं. रुग्णाच्या रक्तातल्या मारक टी पेशी आणि एनके (नॅचरल किलर) पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, या स्टेम सेलना मारतात. ज्यांच्या रक्तात ही मारकशक्ती जास्त होती, गुण त्यांनाच आला. हे मरण म्हणजे अपॉप्टोसिस, पेशीचं न फुटता शिस्तीत मरणं. अशी मरणारी पेशी आकसते आणि एरवी तिच्या आवरणाच्या आतल्या अंगाला असणारं फॉस्फॅटिडिलसेरीन हे स्निग्ध द्रव्य बाहेर काढते. ती खूण दिसली की मॅक्रोफेज, म्हणजे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी, तिला गिळतात आणि आयडीओ हे एन्झाइम बनवू लागतात. ते टी पेशींना वाढीसाठी लागणारं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल संपवतं, मग आतड्यांवर उठलेल्या टी पेशींची वाढ खुंटते.

2021 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने अपॉप्टोसिस घडवणारी बॅक आणि बॅक्स ही प्रथिनं काढून, अशा मरणाला न लागणाऱ्या स्टेम सेल उंदरांना दिल्या. त्यांचा उपयोग कमी झाला.

मेघना_बी: मग मेलेल्याच द्या की! देण्याआधी किती पेशी जिवंत आहेत ते मोजायची उठाठेव कशाला?

विकास_सेललॅब: पेशी कशी मेली यावर सगळं आहे. अपॉप्टोसिसने मेलेल्या पेशींनी उंदरांत काम केलंय. पण या पेशी गोठवून ठेवतात; वितळवताना फुटलेली पेशी आतली एटीपी, एचएमजीबी1 अशी धोक्याची सूचना देणारी द्रव्यं बाहेर सांडते आणि दाह भडकतो. जिवंतपणा तपासायचा ट्रायपॅन ब्लू हा रंग घातला की फुटलेली पेशी निळी होते, नुकतीच अपॉप्टोसिसला लागलेली मात्र चकचकीत, अगदी धडधाकट दिसते. तिच्यासाठी फॉस्फॅटिडिलसेरीनला चिकटणारं ॲनेक्सिन फाइव्ह लागतं. नुसता निळ्या पेशींचा आकडा बघून बॅच पास करणं मला पटत नाही.

रेणुका_सातारा: डॉक्टरांना काय विचारू?

विकास_सेललॅब: डोस किती आणि किती वेळा, हे आधी. अमेरिकेत डिसेंबर 2024 मध्ये मुलांसाठी मंजूर झालेलं रेमेस्टेमसेल-एल हे याच पेशींचं औषध वजनाच्या किलोमागे 20 लाख पेशी, आठवड्यातून दोनदा, चार आठवडे देतात. पेशी टिकत नाहीत, म्हणून एका डोसवर उत्तर शोधू नका. वितळवल्यावरची तपासणीही विचारा. रुग्णाच्या रक्तातल्या मारकशक्तीची चाचणी नेहमीच्या तपासण्यांत नसते, तिच्यासाठी अडून बसू नका. भाचा केवढा आहे, ताई?