योसेमिटीत दोन मुलं आणि सासूबाईंसह तीन रात्री तंबूत: मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या व्हॅलीत, अपर पाइन्स या तंबूतळावर तीन रात्रींची जागा मिळाली आहे. कोणीतरी रद्द केलेली अचानक हाती लागली. मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चार वर्षांची, सोबत पुण्याहून आलेल्या सासूबाई (वय ६६, चालायची सवय आहे, पण चढ फार नको).

मुख्य काळजी थंडीची. गेल्या ऑक्टोबरात समुद्राकाठी एक रात्र तंबूत काढून पाहिली. खाली हवा भरायची जाड गादी, वर स्लीपिंग बॅग, तरी मुलगी पहाटे तीनला कुडकुडत उठली. उरलेली रात्र आम्ही गाडीत बसून काढली. तेव्हापासून तंबूचं नाव काढलं की ती नको म्हणते. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात आम्ही सगळी भावंडं गच्चीवर झोपायचो, चांदण्या मोजता मोजता डोळा लागायचा. ते सुख या दोघांना मिळावं अशी फार इच्छा आहे. या वेळीही तिला त्रास झाला तर ती पुन्हा येणार नाही. काय चुकलं असेल?

दुसरं, अस्वलं. खाण्याच्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवायच्या हे वाचलं आहे. पण त्यात नक्की काय काय येतं? आणि तिथे फोडणी केली तर चालते का? सासूबाईंना तिन्ही दिवस ब्रेड-चीज देणं मला जमणार नाही.

आजी आणि नात दोघींना झेपेल अशी वाटही सुचवा.

प्रतिसाद १

थंडी खालून आली असणार. हवेच्या गादीतली हवा जवळजवळ जमिनीइतकी गार होते, गादी जाड असली तरी. गादीवर फोमची चटई किंवा घरची गोधडी घाला, मग स्लीपिंग बॅग. मोठ्यांच्या बॅगेत लहान मूल असेल तर पायाकडची रिकामी जागा तापतच नाही, तो भाग दुमडून खाली घाला. दिवसभर घातलेले कपडे घामाने दमट असतात, तेव्हा झोपताना सगळे बदला. मोजे, कानटोपी घाला. व्हॅली साधारण ४,००० फुटांवर आहे. जूनमध्ये दुपारी घाम येतो आणि पहाटे स्वेटर लागतो.

प्रतिसाद २

फोडणी बिनधास्त करा, गॅसची शेगडी चालते. लाकडांच्या शेकोटीला मात्र उन्हाळ्यात संध्याकाळी ५ ते रात्री १० हीच वेळ, आणि व्हॅलीत पडलेली लाकडं गोळा करायला बंदी आहे. थालीपीठाची भाजणी, मेतकूट, तूप घेऊन जा, सोय होते. भांडी पिण्याच्या पाण्याच्या नळाखाली धुऊ नका.

पेटीत फक्त खाणं नव्हे, वासाचं सगळं येतं: टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, ओले वाइप्स, तुमच्या सासूबाईंची बाम-तेलाची बाटलीसुद्धा. पेटीला कडी कायम लावलेली हवी. अंधार पडल्यावर गाडीत काहीही ठेवायचं नाही. मुलीच्या कारसीटमधला बिस्किटांचा चुरा रोज झाडा आणि झोपण्यापूर्वी तिचे खिसे तपासा. आमच्या लेकाच्या खिशात चिक्की निघाली होती!

वाट म्हणाल तर लोअर योसेमिटी फॉल. मैलभराची फेरी, जवळजवळ सपाट, आणि जूनमध्ये धबधबा जोरात असतो. तिथे फुकट शटल जाते. मुलाला ज्युनिअर रेंजरची (उद्यानाची मुलांसाठीची) पुस्तिका घेऊन द्या, मुलीच्या वयासाठी वेगळी आहे.

एक कळकळीने सांगते. अस्वलापेक्षा व्हॅलीतल्या मर्सेड नदीला जपा. जूनमध्ये तिला वितळलेल्या बर्फाचं पाणी असतं, वरून संथ दिसलं तरी ओढ जबरदस्त. काठावरचे खडकही निसरडे असतात. धाकटीचा हात सोडू नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. गादीचं हे डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंनी दोन गोधड्या आत्ताच उन्हात घातल्या. अजून एक विचारायचं राहिलं: मुलीला रात्री उठावं लागतं. अपर पाइन्समध्ये स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवे असतात का, की प्रत्येकाला वेगळी विजेरी घेऊ?