मदत हवी आहे: 'कर कमी केला की गुंतवणूक येते' हा दावा आकड्यांवर कसा तपासायचा?

जमाखर्ची: वादस्पर्धेसाठी टिपण करायचंय. विषय: करकपात हे पक्षाचं आर्थिक धोरण होऊ शकतं का? उदाहरण २० सप्टेंबर २०१९ ची कंपनी करातली कपात. समर्थक म्हणतात, २०२३-२४ मध्ये कंपनी कर ९.११ लाख कोटींवर गेला, म्हणजे कपात फळली. यात पाणी कुठे मुरतंय?

फटकळ: रुपयांत मोजण्यात. महागाई आणि वाढ धरली की रुपये वाढणारच. जीडीपीशी ताडून बघा: २०१८-१९ चे ६.६३ लाख कोटी म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास, २०२३-२४ चे ९.११ लाख कोटी जेमतेम तीन. त्या वर्षी व्यक्तिगत आयकर कंपनी कराच्या पुढे होता, हेही लिहा. पगारदार श्रोत्यांना लगेच कळेल.

आकडे रिसीट बजेटमधून (अर्थसंकल्पातलं सरकारी जमेचं पुस्तक) घ्या, पण 'प्रत्यक्ष' (Actuals, म्हणजे खरोखर जमा झालेल्या) रकान्यातले. २०१९-२० चा अंदाज ७.६६ लाख कोटी, सुधारित ६.१०, प्रत्यक्ष ५.५७. सुधारितवर थांबलात तर पन्नास हजार कोटींची तूट दिसणारच नाही.

आडगणित: मात्र मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष यांतली २.०९ लाख कोटींची सगळी तूट कपातीच्या माथी मारू नका, समोरचा तिथेच पकडेल. कपातीने बुडणाऱ्या महसुलाचा सरकारचा स्वतःचा अंदाज वर्षाला १.४५ लाख कोटींचा होता, आणि वाढीचा दरही त्या वर्षी ४ टक्क्यांवर आला होता. २०२०-२१ तर कोविडचं, ते तुलनेत घेऊच नका.

दर लिहिताना अधिभार-सेस (मूळ करावर लागणारी जादा आकारणी) धरून लिहा: ३४.९४ वरून २५.१७ टक्के, तेही सवलती सोडल्या तरच. छोट्या कंपन्यांना (उलाढाल ४०० कोटींपर्यंत) मूळ दर आधीच २५ टक्के होता, त्यांना फरक कमी.

गुंतवणुकीसाठी एकूण स्थिर भांडवल निर्मितीचा (देशभरात इमारती, यंत्रं वगैरेंवर झालेल्या खर्चाचा) आकडा घेतलात तर फसाल. त्यात लोकांची घरं आणि सरकारी रस्ते येतात. राष्ट्रीय लेखा सांख्यिकीतली खासगी कंपन्यांची ओळ वेगळी काढा. सोबत रिझर्व्ह बँकेचं क्षमता वापराचं सर्वेक्षण ठेवा: २०१९ च्या उत्तरार्धात वापर ७० टक्क्यांच्या आतबाहेर होता. तीस टक्के यंत्रं रिकामी असताना नवा कारखाना कोण टाकेल? अशा वेळी वाचलेला कर कर्जफेडीत नाहीतर लाभांशात जातो. माझ्या मते धोरणाची खरी गोची इथे आहे. अडचण मागणीची होती, औषध नफ्याला दिलं.

फटकळ: केंद्राच्या करातला राज्यांचा वाटा राहिला की! सेस-अधिभार वाटला जात नाही, मूळ कर वाटला जातो, आणि कपात झाली ती मुख्यतः मूळ दरात. तेव्हा राज्यांचा हिस्सा ४२ टक्के, त्यात महाराष्ट्राचा ५.५२ टक्के. म्हणजे १.४५ लाख कोटींवर महाराष्ट्राचे ढोबळमानाने ३,३६० कोटी गेले. त्या अंदाजात सेस-अधिभारही असल्याने प्रत्यक्षात थोडे कमी.

जमाखर्ची: हे कामाचं आहे. समोरच्यांचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता असेल?

आडगणित: व्हिएतनाम, थायलंडचा २० टक्के दर; कारखाने तिकडे जाऊ नयेत म्हणून कपात हवी, असं ते म्हणतील. त्यावर विचारा, नव्या कारखान्यांना १७.१६ टक्के दिला होता, त्याची मुदत एकदा वाढवून ३१ मार्च २०२४ ला संपू का दिली?