रक्तवाहिन्यांची घनता उतरली, पण सिग्नलही उतरला. काचबिंदू वाढला म्हणायचं का?

ऑप्टोम_नागपूर
पेशंटचं वय ६२, ओपन अँगल काचबिंदू (डोळ्यातल्या पाण्याच्या निचऱ्याचा कोन उघडा असलेला), प्रश्न उजव्या डोळ्याचा. आरएनएफएलची (पडद्यावरच्या मज्जातंतूंच्या थराची) सरासरी जाडी ५४ मायक्रॉनवर येऊन थांबली आहे, गेल्या तीन ओसीटींत (पडद्याचे थर मोजणाऱ्या स्कॅनमध्ये) जागची हललेली नाही. २४-२ फील्डचा (नजरेच्या विस्ताराच्या तपासणीचा) एमडी, म्हणजे नजरेतली सरासरी घट, −१७ च्या आसपास वरखाली होतो. दोन ड्रॉपवर डोळ्याचं प्रेशर १५-१६. ओसीटी अँजिओग्राफीत (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या ओसीटीत) डिस्कभोवतीच्या, म्हणजे डोळ्याची नस बाहेर पडते त्या जागेभोवतीच्या, केशवाहिन्यांची घनता मात्र ३६ टक्क्यांवरून ३३ वर आली. त्याच वेळी स्कॅनच्या सिग्नलची क्वालिटी १० पैकी ८ होती ती ६ झाली. मधुमेह आहे, रेटिनोपॅथी (मधुमेहानं पडद्याला झालेली इजा) नाही. मोतीबिंदू सुरू झालाय. घनतेतली ही घट खरी धरायची का? पेशंट भंडाऱ्याहून येतात, त्यामुळे परत बोलवायचं तर ठोस कारण हवं.

काचबिंदू_विदर्भ
या दोन स्कॅनची थेट तुलना करूच नका. मशीन एकाच जागेचे लागोपाठ स्कॅन घेतं आणि त्यांच्यात जे बदललं तेवढंच रक्त म्हणून दाखवतं. सिग्नल पडला की सगळ्यात आधी बारीक केशवाहिन्या दिसेनाशा होतात आणि आकडा आपोआप उतरतो. मोतीबिंदू वाढत असेल तर दर वेळी थोडा थोडा उतरत जाईल. तो उतार काचबिंदूसारखाच दिसतो, म्हणून जास्त फसवा. दुसरं म्हणजे, अगदी मंद वाहणारं रक्त मशीनला टिपताच येत नाही, त्यामुळे नकाशावर काळं दिसलं म्हणजे ती वाहिनी मेलीच असं नाही.

तरीही या डोळ्यासाठी ही तपासणी सोडू नका. आरएनएफएल साधारण ५०-५५ मायक्रॉनच्या खाली फारसं जात नाही. तंतू गेले तरी आधार देणाऱ्या पेशी आणि मोठ्या रक्तवाहिन्यांची जाडी उरतेच. त्यामुळे तुमचे ५४ स्थिर आहेत म्हणजे आजार स्थिर आहे असं होत नाही, मोजपट्टी संपली आहे. घनता त्यानंतरही उतरताना दिसू शकते, विशेषतः मॅक्युलाची (पडद्याच्या मध्यभागाची). म्हणून याला मॅक्युलाचा स्कॅनही जोडा.

आता आकडा बाजूला ठेवून नकाशा उघडा. घट सगळ्या सेक्टरमध्ये सारखी, अगदी नेझल (नाकाकडच्या) बाजूलाही असेल, तर संशय सिग्नलवर घ्या. जुन्या पाचरीच्या (आधीच गेलेल्या पाचरीसारख्या भागाच्या) कडेलाच, समजा खालच्या टेम्पोरल (कानाकडच्या) सेक्टरमध्ये, काळा पट्टा रुंदावला असेल आणि फील्डमध्ये वरच्या बाजूला त्याला जुळणारी जागा खोल गेली असेल, तर गंभीरपणे घ्या. मोठ्या वाहिन्या वगळलेलीच घनता बघा. आणि प्रत्येक बी-स्कॅनवर (थरांच्या उभ्या छेदाच्या चित्रावर) मशीननं आखलेली आरएनएफएलची खालची रेषा तपासा. इतक्या पातळ थरात मशीन ती पुष्कळदा चुकवतं, आणि रेषा चुकली की घनता चुकलीच.

स्कॅनरूम_ताई
सर, अर्धं काम तर स्कॅन घेतानाच बिघडतं. क्रम असा ठेवा: आधी अँजिओग्राफी, मग अ‍ॅप्लनेशन (डोळ्याला टेकवून प्रेशर मोजणं), गोनिओस्कोपी (भिंगानं कोन बघणं) सगळ्यात शेवटी. फ्लुरोसीन (प्रेशर मोजताना टाकतात तो पिवळा रंग) आणि गोनिओचं जेल लागलेल्या कॉर्नियातून (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यातून) चांगला सिग्नल येत नाही. बाहुली पहिल्या स्कॅनला मोठी केली असेल तर दर वेळी करा, नसेल तर कधीच नको.

नागपूरचा एप्रिल-मे म्हणजे कोरड्या डोळ्यांचा मोसम. त्यात रात्रभर कूलरचा झोत तोंडावर, आणि वर्षानुवर्षं बेन्झाल्कोनियमवाले (या प्रिझर्व्हेटिव्हनं डोळा कोरडा पडतो) ड्रॉप. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या पातळ कृत्रिम अश्रूंचा एक थेंब टाका, दोन-तीन मिनिटं थांबा, तीन-चारदा पापण्या मिटायला सांगा आणि लगेच स्कॅन घ्या. घट्ट जेल नको, त्यानं उलट धूसर होतं. एवढ्यावरही पुष्कळदा क्वालिटी सुधारते.

सेव्ह करण्याआधी पडद्यावर बघा. आडवी पांढरी रेघ म्हणजे डोळा हलला, काळी आडवी पट्टी म्हणजे पापणी मिटली, एकच वाहिनी दोनदा दिसली म्हणजे नजर सरकली. यातलं काही दिसलं तर तिथंच पुन्हा घ्या, पेशंट खुर्चीवरून उठला की संधी गेली. मधली नजर गेलेल्या पेशंटला आतला दिवा सापडत नाही; दुसऱ्या डोळ्यासमोर बाहेरचा दिवा धरा.

ऑप्टोम_नागपूर
नकाशा पुन्हा पाहिला. नेझल बाजू उतरलीच आहे, पण खालच्या टेम्पोरल सेक्टरमधली घट तिच्या दुपटीहून जास्त दिसते. आमच्या मशीनवर किती फरक खरा मानायचा, हे कसं ठरवायचं?

काचबिंदू_विदर्भ
तो आकडा स्वतःच्या मशीनवरच काढावा लागतो. काचबिंदूच्या २० पेशंटचा एकेक डोळा घ्या. एकदा स्कॅन, हनुवटी उचलायला लावायची, पुन्हा बसवून दुसरा स्कॅन. दोन्हींची क्वालिटी ७ किंवा वर हवी. प्रत्येकाचा फरक मांडा, त्या फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन काढा आणि १.९६ ने गुणा. त्याहून लहान बदल म्हणजे मशीनचाच हेलकावा. हे सेक्टरवार करा, सेक्टरचा हेलकावा सरासरीपेक्षा मोठा असतो. वेगवेगळ्या दिवशीचा तर आणखी मोठा, म्हणून आलेल्या मर्यादेला जेमतेम शिवणारा बदल पुन्हा स्कॅन घेऊन पक्का करा.

एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या स्कॅनशिवाय तुलना नको. ३ मिमी आणि ६ मिमीच्या स्कॅनमधली घनताही एकमेकांशी जुळत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की तुलनेचा पाया नव्यानं धरायचा.

रेटिना_रामदासपेठ
मधुमेहाबद्दल: रेटिनोपॅथी दिसत नसली तरी घनता थोडी कमी असू शकते. मधुमेहाची घट मॅक्युलाभोवती विखुरलेली असते, काचबिंदूची तंतूंच्या वाटेनं कमानीसारखी जाते. मायनस नंबर मोठा असेल तर डिस्कभोवतीच्या आकड्यावर अजिबात विसंबू नका.

माझं मत विचाराल तर उपचाराचा प्रश्न या स्कॅनसाठी थांबवू नये. एमडी −१७ असलेल्या डोळ्यात १५-१६ प्रेशर पुरेसं आहे का, हे आजच डॉक्टरांपुढे ठेवा. एजीआयएस या पुढे गेलेल्या काचबिंदूच्या अभ्यासाच्या २००० सालच्या निष्कर्षात ज्या डोळ्यांचं प्रेशर प्रत्येक भेटीत १८ च्या खाली राहिलं, त्यांचं सरासरी प्रेशर १२.३ होतं आणि त्यांचं फील्ड सरासरीनं टिकून राहिलं. एवढ्या पुढे गेलेल्या डोळ्यात २४-२ फार हेलकावतो, १०-२ (फक्त मधल्या भागाची फील्ड तपासणी) सुरू करा.

भंडाऱ्याच्या पेशंटला एकाच फेरीत सगळं करा: अश्रू टाकून स्कॅन, १०-२, मग प्रेशर. ते नेहमी दुपारी पोहोचत असतील तर सकाळचं प्रेशर कधी मोजलंच गेलं नसेल. या वेळी लवकर निघायला सांगा आणि आल्या आल्या याच क्रमानं सगळं उरका.