वर्गणी भरलीत, पण पोचतेय का बघा

टेक्नॉलॉजीवर टीका करणाऱ्या, ईमेलवर येणाऱ्या न्यूजलेटरना वर्गणी द्यावी का, यावर काही जण म्हणतात, ‘टेक्नॉलॉजीवर टीका करणारे स्वतः ईमेलवरच लिहितात, मग त्यांना पैसे कशाला द्यायचे’. हे मला काय पटलं नाय. वाचकाने पैसे दिले नाहीत तर जाहिराती घ्याव्या लागणार, आणि जाहिरातीवर जगणारा जाहिरातवाल्याला प्रश्न कसा विचारणार? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोलीकडे पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, मोबाईलला रेंज नाही, खिशात रोकड असेल तोच दुकानात जाणार, आणि त्यानंतर ‘सगळं ऑनलाईन करा’वर शंका घेणारं एक परदेशी न्यूजलेटर हाती लागलं, लगेच वर्गणी भरली.

पण वर्गणी भरण्याबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागले, आधी एकदा ओटीपीने मंजुरी आणि दरवेळी कापायच्या २४ तास आधी मेसेज. नियम चांगलाच आहे (न विचारता पैसे जाण्यापेक्षा बरं), पण त्यात बऱ्याच परदेशी वर्गण्या गुपचूप बंद पडल्या, माझीपण, आणि मला कळलं पाच महिन्यांनी! आता वर्षाची एकदम भरतो, आंब्याचे पैसे हातात आले की. आणि न्यूजलेटर सबस्टॅकवरचं (लेखकांची न्यूजलेटर पाठवणारी, वर्गणी गोळा करणारी वेबसाइट) असेल तर वर्गणीतले १० टक्के त्यांचे, तेवढं धरून चाला.