स्पॅनिशचा पहिला वर्ग: तुमचे अनुभव लिहा

निवांत
भाचीने युनिव्हर्सिटीच्या बिगिनर स्पॅनिशला नाव घातलं आणि पहिल्याच आठवड्यात फोन, "मावशी, सेर पण असणे, एस्तार पण असणे, मग दोन दोन कशाला?" झालं, मला माझी संध्याकाळची बॅच आठवली. ऑफिस सुटलं की धावतपळत वर्ग गाठायचा, अर्धी मंडळी कॉलेजची, अर्धी आमच्यासारखी दमलेली. बाई पहिल्या दिवसापासून स्पॅनिशच बोलायच्या, नाही कळलं की हातवारे. सगळे नुसते माना डोलवायचे. मग आलं 'मे गुस्ता'. पुस्तकात लांबलचक समजावलेलं, की जे आवडतं तो कर्ता, ज्याला आवडतं तो कर्ता नाही वगैरे, इंग्रजीतून विचार करणारे पार हैराण. मागच्या बाकावर आम्ही दोघी मराठी, अगं हे तर सरळ 'मला आवडतं'! अनेकवचन आलं की 'मे गुस्तान', मला आवडतात. बास, तिथून पुढे जरा जीव आला. तुमचे किस्से टाका.

चष्मिस
सेर एस्तार!! आम्हाला शिकवलेलं कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. मग एकाने विचारलं सर, 'मेलेला आहे' याला एस्तार का लावतात? सर गप्प. नंतर म्हणाले नियम विसरा, एस्तार म्हणजे काहीतरी होऊन आलेली अवस्था. शिवाय टेबल कुठे आहे ते एस्तार पण कार्यक्रम कुठे आहे ते सेर. तुझ्या भाचीला आत्ताच सांगू नकोस, पळून जाईल.

अधूनमधून
तात्पुरता मेलाय, पुनर्जन्म मानत असतील ते लोक

चष्मिस
हाहाहा हे सरांना सांगायला हवं होतं

गजर_बंद
आमची वेगळीच गंमत. पहिल्या सेमिस्टरला बाई स्पेनमध्ये शिकलेल्या, त्यांचं 'ग्राथियास' (धन्यवाद), जीभ दातात धरून. आम्ही इमानदारीत ते घोटलं. दुसऱ्या सेमिस्टरला आले अर्जेंटिनाचे सर. 'मे यामो' (माझं नाव) म्हणायचं तर ते 'मे शामो', 'तू एरेस' (तू आहेस) पाठ केलेलं तर ते 'वोस सोस'. वर्गात स्मशानशांतता. पण एक चांगलं झालं, म्हणाले क्रियापदांच्या तक्त्यातली वोसोत्रोसची (स्पेनमधलं जवळच्यांसाठीचं अनेकवचनी 'तुम्ही') ओळ ओळखण्यापुरती ठेवा, लॅटिन अमेरिकेत सगळ्यांना उस्तेदेस (आदराचं 'तुम्ही') वरच भागतं. प्रत्येक काळातलं एकेक रूप पाठांतरातून गेलं, त्या माणसाला मी आजही दुवा देतो.

मीच_ती
लेकाला क्लासवरून आणायला निघालेय, पटकन लिहिते. डबल आर!! पेरो म्हणजे पण आणि पेर्रो म्हणजे कुत्रा, वर्गातले निम्मे लोक घशातून काढायचे. माझ्या शेजारणीला कितीही केलं तरी येईना, शेवटी तिला म्हटलं कापड कसं फाटतं ते सांग. टर्रकन! अगं हाच तो. आपल्याकडे टर्र, चर्र, सर्र सगळं फुकट मिळालंय. त, द पण आयते, दाताला जीभ लावून. बाकी नंतर

निवांत
@मीच_ती टर्रकन हे भारी आहे

जुनी_वही
कुणाला लायब्ररीतल्या जुन्या डिक्शनऱ्या आठवतात का? त्यात 'च'चे (सीएचचे) शब्द सी मध्ये सापडायचेच नाहीत, सी संपला की वेगळा विभाग. डबल एलचं पण तेच. 1994 साली स्पॅनिश भाषेच्या अकादमींनी तो क्रम बदलला आणि 2010 पासून अक्षरंच 27 धरतात. आमच्या लायब्ररीला हे अजून कळलेलं नाही बहुतेक. आणि लिंगाबद्दल कुणी रडू नका, ज्यांच्या भाषेत खुर्ची ती आणि टेबल ते, त्यांनी तीनाऐवजी दोनच लिंगं आहेत म्हणून देवाचे आभार मानावेत. 'एल प्रोब्लेमा' पुल्लिंगी तेवढं लक्षात ठेवा, ग्रीकमधून आलेले मा वाले बरेचसे तसेच.

अधूनमधून
आणि हात स्त्रीलिंगी. ला मानो. शेवटी ओ असून. आभार परत घेतो

उशिरा_का_होईना
सगळं वाचलं, मजा आली. मी सध्याच शिकतोय, वर्गात सगळ्यात मोठा, मुलं मला उस्तेद (आदराचं 'तुम्ही') म्हणतात आणि एकमेकांना तू, वाईट वाटतं हो. ते असो. डेलेची (स्पॅनिश येत असल्याचं सर्टिफिकेट देणारी परीक्षा) ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा द्यावी का? लिसनिंगची धास्ती आहे, टेप सुरू झाली की डोकं बंद पडतं.

चष्मिस
द्या बिनधास्त. तिथे लिसनिंग आणि बोलणं मिळून एक गट असतो, वाचन लेखन दुसरा, प्रत्येक गटात 50 पैकी 30 लागतात. म्हणजे ऐकण्यात गेलेले मार्क बोलण्यात भरून काढता येतात. आणि डेलेचं सर्टिफिकेट कायमचं, सिएले नावाची दुसरी परीक्षा आहे, तिचं पाच वर्षांनी संपतं.

गजर_बंद
कायमचं म्हणजे सेर

उशिरा_का_होईना
बोलण्यात भरून निघेल, गप्पिष्ट आहे मी. फॉर्म भरतो मग.

मीच_ती
आले परत. उस्तेद काका, लिसनिंगला प्रश्न आधी वाचून घ्या, टेप दोनदा लावतात. @जुनी_वही ती डिक्शनरी रद्दीत काढली तर मला सांग हं