आईला किमोचं औषध नळीतून हळूहळू सोडणारा फुगा लावून घरी पाठवलंय, चालू आहे हे कळणार कसं?

औषध फाइव्ह-एफयू आहे, ४६ तास चालेल म्हणाले. काल संध्याकाळी लावला पण फुगा काही लहान झालेला दिसेना, ना बॅटरी ना लाईट, मला तर रात्रभर झोप नाही.

सांगलीकर: बाबांना सहा वेळा लागला होता. आतला रबरी फुगाच आकसत औषध ढकलतो, म्हणून आवाज नाही. तासातासाला बघू नका हो, सकाळ-संध्याकाळ मोबाईलवर फोटो काढा, मग फरक कळतो. क्लॅम्प (नळीवरचा चिमटा) उघडा आहे ना, नळी मुडपली नाही ना बघा.

मनीमाऊ: नळीवरचा तो छोटा तुकडा कातडीला चिकटलेलाच राहू दे, अंगाच्या उबेवर वेग ठरतो, गार पडला की मंदावतो.

प्रश्नकर्ता: नळी परकराच्या नाडीखाली दाबली गेली होती!! नर्सला फोन केलाय, आता फोटो काढतोय.