ज्येष्ठांच्या वर्गासाठी योगशिक्षक निवडताना काय तपासावे?

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेत साठीपुढील रहिवाशांसाठी सकाळचा योगवर्ग सुरू करायचा आहे आणि शिक्षक निवडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नाव नोंदवलेल्यांपैकी अनेकांना उच्च रक्तदाब आहे, दोघींची हाडे ठिसूळ झाल्याचे निदान झाले आहे आणि एका काकांना काचबिंदू आहे. अशा गटासाठी शिक्षकाची पारख कशी करावी, याबद्दल या क्षेत्रातील जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

आलेल्या बहुतेक अर्जांसोबत दोनशे तासांच्या अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आहे. माहिती घेतल्यावर कळले की यांतील अनेक अभ्यासक्रम ज्या अमेरिकी योगा अलायन्सकडे नोंदलेले असतात, तिच्या आराखड्यात शरीररचना व शरीरक्रिया यांसाठी किमान ३० तास ठेवलेले आहेत; मात्र ती संस्था प्रत्येक विद्यार्थ्याची परीक्षा स्वतः घेत नाही, तर अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचा निर्वाळा संबंधित शाळाच देते. शुल्क घेणाऱ्यानेच उत्तीर्ण ठरवावे, ही पद्धत मला पटत नाही. त्या मानाने आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा अधिक भरवशाची वाटते. पण तिथेही पहिली पायरी प्रोटोकॉल प्रशिक्षकाची, म्हणजे मुख्यतः योगदिनाचा सामायिक अभ्यासक्रम शिकवण्यापुरती आहे, आणि उपचारात्मक योगासाठी स्वतंत्र श्रेणी ठेवलेली आहे. हा फरक अर्जदारांपैकी एकानेही आपणहून सांगितला नाही, याची मला काळजी वाटते.

काळजीचे कारण स्पष्ट आहे. हाडे ठिसूळ असताना पाठीतून गोल वाकून पश्चिमोत्तानासन केल्यास मणक्यांच्या पुढच्या भागावर दाब येऊन ते दबण्याचा धोका असतो. काचबिंदू असलेल्याला शीर्षासन देऊ नये हे पुष्कळांना ठाऊक असते, परंतु डोक्याची पातळी खाली जाणाऱ्या अधोमुख श्वानासनासारख्या साध्या समजल्या जाणाऱ्या आसनातही डोळ्यातील दाब वाढतो. वेगाने केलेली कपालभाती उच्च रक्तदाबाच्या व्यक्तीला सरसकट देता येत नाही. हे सारे तीस तासांत कितपत शिकवले जात असेल?

महाराष्ट्रात तरी याबाबत ढिलाईला सबब नसावी. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापून योगक्रियांचे शरीरावर होणारे परिणाम प्रयोगांनी तपासायला सुरुवात केली, तर पुण्यात अय्यंगार गुरुजींनी खुर्ची, पट्टा, लोड अशा साधनांच्या आधारे अशक्त व आजारी माणसालाही आसन साधता येईल अशी पद्धत घडवली. अय्यंगार परंपरेत शिकवण्याची परवानगी अनेक वर्षांच्या अभ्यासानंतर आणि परीक्षणानंतर मिळते.

काही अर्जदारांना आम्ही अर्धा तास शिकवून दाखवायला सांगितले. मोठा अनुभव लिहिलेल्या एक बाई पूर्ण वेळ स्वतःच आसने करत राहिल्या. समोरच्या आजींचा श्वास अडकत होता, तिकडे त्यांचे लक्षच गेले नाही. ऋषिकेशला अल्पमुदतीचा अभ्यासक्रम केलेल्या एका तरुणाने मात्र आधी प्रत्येकाच्या दुखण्यांची चौकशी केली, दोघांना भिंतीजवळ उभे केले आणि एका प्रश्नाला ‘हे तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच करू’ असे उत्तर दिले. माझा कल त्याच्याकडे आहे, परंतु त्याचे प्रशिक्षण या गटासाठी अपुरे आहे, हेही मला दिसते आहे.

म्हणून विचारते: अशा होतकरू शिक्षकाला नेमून त्याने अनुभवी योगोपचारकाच्या देखरेखीखाली शिकवावे, अशी अट घालणे व्यवहार्य आहे का? प्रवेशाच्या वेळी आरोग्यविषयक माहितीचा अर्ज भरून घ्यायचा झाल्यास त्यात कोणते प्रश्न अवश्य असावेत? ठाणे किंवा मुंबईत ज्येष्ठांना शिकवण्याचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देणारा, केवळ ऑनलाइन नसलेला अभ्यासक्रम आपल्यापैकी कोणी केला असल्यास त्यात सराव-अध्यापन किती होते आणि चुका कोण दाखवून देत असे, हे कृपया सविस्तर लिहावे.